२४ जूनपर्यंत

मे महिन्यात आमच्या आठवडी बाजारात मराठी कानावर पडतं. इथल्या कंपन्यांत नोकरीला आलेल्या मुलामुलींचे आईवडील पुण्याचा, नागपूरचा उन्हाळा टाळून दोन-तीन महिने इकडे येतात. सकाळी मुलं कामाला गेली की दोघं कापडी पिशवी घेऊन बाजारात एक फेरी मारतात आणि भाजीच्या पहिल्याच गाळ्यापाशी थबकतात. लाकडी खोक्यांत जाड, पांढऱ्या कांड्या निगुतीनं रचलेल्या असतात, समोर रांग लागलेली असते आणि पाटीवरचा भाव बाकीच्या भाज्यांच्या तिप्पट-चौपट असतो. मग माझ्यासारखं कुणी आपल्याकडचं दिसलं की प्रश्न येतो, "अहो, हा मुळा आहे का?" मुळा नाही, असं म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग एवढं काय आहे त्यात?" बाजारात उभ्या उभ्या या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं मला कधीच जमलं नाही. ते सावकाश देता यावं म्हणून हे पुस्तक लिहिलं.

या भाजीला जर्मनीत श्पार्गल म्हणतात. अ‍ॅस्पॅरॅगस हे नाव आपल्याकडे आता अनेकांना माहीत आहे, पण त्या नावानं डोळ्यांपुढे येतात त्या हॉटेलातल्या बारीक हिरव्या काड्या. वनस्पती तीच, तिचा पांढरा अवतार हा माझा विषय. आणि तिचं घराणं आपल्याला अजिबात परकं नाही. आपली शतावरी याच कुळातली, अगदी त्याच प्रजातीतली. दोघींचा पाला सारखा, सुयांसारखा बारीक आणि पिसाऱ्यासारखा मोकळा. पावसाच्या सुरुवातीला शतावरीचे कोवळे कोंब रानभाजी म्हणून खाण्याची रीत आपल्या डोंगराळ भागांत आहे. पण शतावरी म्हटल्यावर बहुतेकांना आठवतं ते तिचं मूळ, म्हणजे बाळंतिणीला दुधातून द्यायचं चूर्ण किंवा कल्प. शतावरीचं आपण मूळ घेतो. इथं मुळाला कुणी हात लावत नाही. घेतात तो फक्त कोंब, आणि तोही वर्षातले जेमतेम दहा आठवडे. मूळ शाबूत राहावं यासाठी जे जे करावं लागतं, त्यातूनच या भाजीचा रंग, भाव, हंगाम आणि तिच्याभोवतीचा सगळा सोहळा उभा राहिला आहे. पुढची सगळी प्रकरणं मी हीच एक गोष्ट मनात धरून लिहिली आहेत.

मी राहते तो भाग ऱ्हाइन नदीच्या सपाट खोऱ्यातला, हायडेलबर्ग आणि मानहाइमच्या आसपासचा. जमीन रेताड. गव्हाला ती फारशी मानवत नाही, श्पार्गलला मात्र अशीच हवी. वाळू लवकर तापते, पाणी धरून ठेवत नाही आणि वर येणाऱ्या कोंबाला वाकवत नाही. जड चिकणमातीत कोंब वेडावाकडा वाढतो. लागवड करताना बी पेरत नाहीत, एक वर्षाचे कंद लावतात. कंद म्हणजे मधे एक गड्डा आणि चहूबाजूंना पसरलेली जाड दोरीसारखी मुळं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला एखादा समुद्री जीव वाळूत पालथा पडल्यासारखा वाटला. हे कंद सरीत ओळीनं लावले की शेतकऱ्यानं वाट पाहायची. पहिल्या वर्षी काही तोडायचं नाही. दुसऱ्या वर्षी थोडे दिवस, हात राखून. भरघोस पीक तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून. नंतर तेच कंद आठ-दहा वर्षं उत्पन्न देतात. एवढा धीर लागणारी भाजी मला दुसरी माहीत नाही. झाडाला फळ धरायला लागतील इतकी वर्षं इथं एका कोंबासाठी द्यावी लागतात.

पांढरा रंग हा जातीचा गुण नाही, अंधाराचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंदांच्या ओळीवर मातीचे उंच वरंबे चढवतात. ट्रॅक्टरमागचं अवजार त्यांच्या बाजू इतक्या गुळगुळीत थापून काढतं की सगळं शेत लांबच लांब मातीच्या पावांनी भरल्यासारखं दिसतं. माती बारा अंशांच्या आसपास तापली की खालचा कंद जागा होतो आणि कोंब उजेडाच्या शोधात वर निघतो. वरंबा उंच असल्यामुळे त्याला सगळा प्रवास अंधारात करावा लागतो. उजेड नाही म्हणून हरितद्रव्य नाही, आणि हरितद्रव्य नाही म्हणून तो हस्तिदंतासारखा पांढरा. टोक मातीबाहेर डोकावलं की काही तासांत त्यावर जांभळी झाक चढते, आणि तसंच ठेवलं तर पुढे ते हिरवं होतं. जर्मन गिऱ्हाईक जांभळं टोक कमी दर्जाचं समजतं. फ्रान्समध्ये तेच आवडीनं खातात. मला दोन्ही चालतात. जांभळ्या टोकाला किंचित जास्त चव असते, असं माझं मत आहे.

म्हणजे कोंब वर यायच्या आधी तो कुठे आहे हे ओळखायचं, आणि न पाहिलेली वस्तू न तुटता काढायची. हे काम आजही हातानंच होतं. यंत्रं तयार करण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण माणसाच्या बोटांची बरोबरी त्यांना साधलेली नाही. दहा वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या परवानगीनं मी एक सकाळ शेतावर गेले होते. दव होतं, उजाडत होतं. मला शिकवायला एक रुमानियन बाई होती. दरवर्षी एप्रिलमध्ये ती इथं येते आणि जूनअखेर परत जाते. तिनं वरंब्यावरची एक बारीक भेग दाखवली, केसाएवढी. तिथं कोंबानं आतून माती उचललेली असते. भेगेपाशी दोन बोटांनी वाळू बाजूला सारायची आणि कोंब वीतभर मोकळा करायचा. शेजारी दुसरा कोंब असला तर त्याला धक्का लागू द्यायचा नाही. मग लांब दांड्याची, पुढे पात्याची सळई कोंबाच्या कडेनं खाली घालून एका झटक्यात कापायचं. खोल गेलं तर कंदाला जखम होते, वर कापलं तर कोंब आखूड भरतो आणि भाव पडतो. कोंब टोपलीत ठेवला की खड्डा लगेच बुजवायचा आणि थापीनं वरंबा पुन्हा सारखा करायचा, नाहीतर तिथून उजेड आत जातो. हे सगळं ती दहा-बारा सेकंदांत करत होती. तासाभरात माझी कंबर धरली. माझ्या टोपलीतल्या निम्म्याहून जास्त कोंबांची टोकं मोडली होती, आणि टोक मोडलेल्या कोंबाला बाजारात किंमत नाही. तिनं ते मोडके कोंब वेगळे काढून मला घरी न्यायला दिले. श्पार्गल महाग का, हे मला त्या सकाळी समजलं. पुन्हा कधी मी भावाबद्दल तक्रार केली नाही.

उबदार दिवशी कोंब पाच-सात सेंटीमीटर वाढतो. म्हणून ऐन हंगामात एका वरंब्यावरून रोज फिरावं लागतं, रविवार आणि सणाच्या दिवशीसुद्धा. थंडीची लाट आली की सगळं मंदावतं, भाव चढतो, आणि गावात लोक एकमेकांना हवेबद्दल विचारतात तेव्हा त्यांच्या मनात श्पार्गलच असतो.

आता तारखेबद्दल. हंगाम केव्हा सुरू होणार हे हवा ठरवते, बहुधा एप्रिलच्या मध्यावर. संपणार केव्हा हे मात्र ठरलेलं आहे. २४ जूनला सेंट जॉनचा, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानचा सण असतो. त्या दिवशी शेवटचा कोंब कापायचा आणि पाती धुऊन ठेवायची. जर्मन माणूस ३१ डिसेंबरला झिल्वेस्टर म्हणतो; त्या धर्तीवर २४ जूनला 'श्पार्गलझिल्वेस्टर', श्पार्गलचं वर्ष सरण्याचा दिवस, असं नाव पडलं आहे. चेरी लाल झाली की श्पार्गल आटोपला, असंही जुने शेतकरी म्हणतात.

ही तारीख धर्माची वाटली तरी तिचं कारण मातीखाली आहे. वसंतात येणारा प्रत्येक कोंब कंदानं साठवलेल्या शिध्यावर वाढतो. तो अंधारातच कापला जातो, त्यामुळे स्वतःचं अन्न त्यानं एक कणभरही तयार केलेलं नसतं. दहा आठवडे आपण कंदाच्या कोठारातून उपसत असतो, त्यात भर काही पडत नाही. कापणी थांबली की पुढचे कोंब वर येतात, उजेड पाहतात, हिरवे होतात, फांद्या फोडतात. जुलै-ऑगस्टमध्ये तीच शेतं माणसाच्या छातीच्या वर उंच, धुकं अडकल्यासारख्या हिरव्या पाल्यानं भरून जातात. मादी झाडांवर लाल मण्यांसारखी फळं धरतात. हा पाला ऊन खातो आणि कमाई मुळांत पाठवतो. थंडी पडून तो पिवळाधमक होईपर्यंत त्याला हे काम करायला उन्हाळ्याचे तीन-साडेतीन महिने मिळायला हवेत. जुलैतही कापत राहिलं तर कोंब येतात, पण पुढच्या वर्षी ते बारीक येतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी कंद मरतो. थांबायचा नियम शेतकऱ्यांनी घातला तो अनुभवातून; सणाची तारीख त्यांनी लक्षात ठेवायला सोपी म्हणून धरली असणार.

मला स्वतःला श्पार्गलची गोडी लागली ती हे कळल्यावर. ताटातला कोंब म्हणजे गेल्या वर्षीचा उन्हाळा आहे. गेल्या जुलैत जे ऊन त्या पाल्यावर पडलं, ते हिवाळाभर मातीखाली राहिलं आणि एप्रिलमध्ये अंधारातून पांढरं होऊन वर आलं.

आमच्या भागाचा या भाजीशी संबंध जुना. जवळच श्वेत्सिंगन नावाचं गाव आहे. तिथल्या राजवाड्याच्या बागेत १६६८ पासून श्पार्गल लावल्याची नोंद सांगतात. तेव्हा ते राजघराण्याचं खाणं होतं, आणि 'शाही भाजी' हे नाव अजून टिकून आहे. आज श्वेत्सिंगन स्वतःला श्पार्गलची राजधानी म्हणवतं. मे महिन्यात तिथं श्पार्गलचा उत्सव भरतो, आणि बाजारात श्पार्गल विकणाऱ्या बाईचा ब्राँझचा पुतळा राजवाड्यापुढच्या चौकात आहे. अर्थात राजधानीवर हक्क सांगणारी आणखीही गावं आहेत. बर्लिनजवळच्या बेलिट्समध्ये १८६१ साली शेतात लागवड सुरू झाली आणि राजधानीच्या शहराची भूक त्या गावानं भागवली. बव्हेरियातल्या श्रोबेनहाउझनला जुन्या तटबंदीच्या बुरुजात श्पार्गलचं संग्रहालय आहे. त्या गावाच्या आणि बेलिट्सच्याही श्पार्गलला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, जसं आपल्याकडे देवगडच्या हापूसला आहे. आणि प्रत्येक गावचा माणूस आपल्याच वाळूची शपथ घेतो. चवीतला फरक मला ओळखता येतो असं मी म्हणणार नाही. ताजेपणातला फरक मात्र कुणालाही ओळखता येईल, म्हणून माझा कौल जवळच्या शेताला.

जर्मनीत उघड्यावर पिकणाऱ्या भाज्यांत सर्वांत जास्त जमीन श्पार्गलखाली आहे, वीस हजार हेक्टरांच्या आसपास. वर्षाला लाखभर टनांहून जास्त पीक निघतं, आणि बहुतेक सगळं देशातच खाल्लं जातं. हे आकडे डोळ्यांनी पाहायचे तर एप्रिलच्या शेवटी कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यानं जावं. फाट्याफाट्यावर लाकडी टपऱ्या उभ्या राहतात, त्यांच्या शेजारी खडूनं लिहिलेल्या पाट्या. हॉटेलं नेहमीच्या मेनूकार्डात वेगळं श्पार्गलचं पान घालतात. कंपन्यांच्या कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा तरी श्पार्गल असतोच. गावोगाव एखादी तरुण मुलगी श्पार्गलची राणी निवडली जाते आणि ती हंगामभर उत्सवांना हजेरी लावते. सुरुवातीला भाव किलोला पंधरा युरोच्याही वर असतो, मेच्या मध्यापर्यंत खाली येतो. पेंटेकॉस्टच्या सुट्टीपर्यंत घराघरांत चार-पाच वेळा तरी श्पार्गल होऊन गेलेला असतो. दर रविवारी श्पार्गल आणि एकदाही कंटाळा नाही, असं घर मी शेजारीच पाहिलं आहे. ज्यांना आंब्याच्या दिवसांत रोज रस लागतो त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आमच्या शेजारच्या आजींनी मला श्पार्गल घ्यायला आणि सोलायला शिकवलं. दोन कोंब एकमेकांवर घासायचे. ताजे असतील तर करकर आवाज येतो. कापलेल्या टोकाला दाबलं की पाण्याचा थेंब यायला हवा आणि त्याला आंबूस वास नसावा. टोक घट्ट मिटलेलं हवं. घरी आणल्यावर लगेच करायचे नसतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचे, दोन दिवसांच्या पुढे नाही. सोलताना टोक सोडून, त्याच्या जरा खालपासून बुडाकडे यायचं; वर हात हलका, खाली जरा दाबून, कारण बुडाकडची साल जून असते. हिरव्या अ‍ॅस्पॅरॅगसला सोलायची फारशी गरज नसते, पांढऱ्याला सोलल्याशिवाय इलाज नाही. सालीचा एक धागा राहिला तरी तो दाताखाली येतो आणि सगळा घास बिघडवतो. आजी हे काम स्वयंपाकघरात करत नसत, मागच्या अंगणात बाकावर बसून करत. पायाशी पातेलं, मांडीवर वर्तमानपत्र. मटार सोलायला बसलेल्या माझ्या आईसारख्याच दिसत.

शिजवणं साधं आहे. रुंद पातेल्यात आडवे किंवा उंच, जाळीच्या भांड्यात उभे. पाण्यात मीठ, चिमूटभर साखर, लोण्याचा तुकडा. जाडीप्रमाणे दहा ते पंधरा मिनिटं. सुरी टोचली की सहज आत जावी, पण उचलल्यावर कोंब फार वाकू नये. सोबत नवे उकडलेले बटाटे आणि वितळवलेलं लोणी. मांसाहारी घरांत हॅम असतं. आमच्या बाडेनमध्ये जाड धिरडं भाजून त्याचे तुकडे करतात आणि तेही सोबत देतात. फ्रँकोनियात सॉसेज, आणि ग्लासात तिथली सिल्वानर वाइन. अंड्याच्या बलकाचा आणि लोण्याचा हॉलंडेझ सॉस सगळीकडे मिळतो. तो चांगला केला तर छान लागतो, पण मी तो घेत नाही. तो श्पार्गलवर पांघरूण घालतो.

आता चवीबद्दल थोडं खोलात जाते, कारण आपल्या माणसाची अडचण इथंच होते. पहिल्या वर्षी मी श्पार्गलची भाजी केली होती. मोहरी, हिंग, हळद, मिरची, वर खोबरं-कोथिंबीर. भाजी चांगली झाली, पण तिच्यात श्पार्गल कुठे होता हे सांगता आलं नसतं. दुधी घातला असता तरी चाललं असतं. या कोंबाची चव फार हळू बोलणारी आहे. आधी किंचित गोड, मग दाण्यासारखी, आणि घास संपताना एक बारीक कडूपणा. तो कडूपणा टोकाकडे नसतो, बुडाकडे असतो. फोडणीपुढे यातलं काहीच टिकत नाही. बाजारात भेटलेल्या काकूंना मी आता एवढंच सांगते, की ही भाजी समजू नका, वरणभात समजा. गरम मऊ भात, साधं वरण, साजूक तूप, मीठ, लिंबू. या पाच गोष्टींत काही कमी आहे असं आपल्याला कधी वाटत नाही. श्पार्गल, बटाटा, लोणी, मीठ, लिंबू ही त्याच बिरादरीतली मांडणी आहे. गेल्या काही वर्षांत मी लोण्याऐवजी घरी कढवलेलं तूप घालते. शेजारच्या आजींनी ते एकदा चाखलं आणि पुढच्या रविवारी वाटी घेऊन आल्या. एक सूचना इथंच देऊन ठेवते: श्पार्गल खाल्ल्यावर अनेकांच्या लघवीला उग्र वास येतो. त्यातल्या अ‍ॅस्पॅरॅगसिक आम्लामुळे तसं होतं, त्यात काळजीचं काही नाही. पाहुणे आलेल्या आईवडिलांना हे आधी सांगून ठेवावं.

या पुस्तकात एक प्रकरण चित्रांवर आहे. नेदरलँडचे आद्रियान कोर्ते यांनी १६९७ साली पांढऱ्या कोंबांची एक जुडी रंगवली, काळ्या पार्श्वभूमीवर, आतून दिवा लावल्यासारखी. ती आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पण माझं मन गुंतलं ते एदुआर माने यांच्या चित्रात. १८८० साली माने यांनी हिरव्या पाल्यावर ठेवलेली श्पार्गलची जुडी रंगवली आणि शार्ल एफ्रुसी या संग्राहकाला आठशे फ्रँकला विकली. एफ्रुसींनी आपखुशीनं हजार फ्रँक पाठवले. मग माने यांनी एका छोट्या कॅनव्हासवर, वहीच्या पानाएवढ्या, एकच कोंब रंगवून त्यांना पाठवला आणि कळवलं, की तुमच्या जुडीतला एक राहून गेला होता. ती जुडी पुढे जर्मन चित्रकार माक्स लीबरमान यांच्या संग्रहात होती. आज ती कोलोनच्या वालराफ-रिखार्ट्स संग्रहालयात आहे आणि एकटा कोंब पॅरिसच्या ऑर्सेमध्ये. मी दोन्ही पाहिले आहेत. कोलोनमधल्या जुडीपुढे उभं राहिलं की पांढऱ्या रंगात माने यांना किती रंग दिसले ते मोजावेसे वाटतात: पिवळट, राखी, गुलाबी, आणि टोकांना तोच जांभळा. बाजारातल्या खोक्यांत हे सगळे रंग असतात, हे मला त्या चित्रानंतर दिसलं.

कापणाऱ्या माणसांवरचं प्रकरण लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. पूर्वी ही माणसं प्रामुख्यानं पोलंडमधून येत. आता मोठा भाग रुमानियाचा. २०२० च्या मार्चअखेर कोविडमुळे हंगामी मजुरांना देशात यायला बंदी झाली आणि आठवडाभरात शेतकऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. विद्यार्थी आणि काम गेलेले वेटर मदतीला आले, पण ते कसब चार दिवसांत येणारं नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला सरकारनं निर्णय फिरवला. एप्रिलमध्ये चाळीस हजार आणि मेमध्ये चाळीस हजार मजुरांना, फक्त विमानानं, येऊ द्यायचं ठरलं. रुमानियातल्या क्लुज विमानतळाबाहेर माणसांना खेटून उभी असलेली माणसं आम्ही टीव्हीवर पाहिली, तेव्हा आम्ही स्वतः दाराबाहेर पडत नव्हतो. त्याच एप्रिलमध्ये बाडेनमधल्या एका शेतावर काम करणारा रुमानियन मजूर कोविडनं वारला. त्या वर्षी देशानं ठरवलं होतं, की श्पार्गल हवाच. तो पाहिजे तर माणसं पाहिजेत, आणि माणसं पाहिजेत तर त्यांची राहण्याची जागा, विमा, मजुरी हे प्रश्न ताटापर्यंत येतातच. २०१५ साली देशात किमान वेतन ताशी साडेआठ युरो ठरलं. २०२५ मध्ये ते १२.८२ युरो होतं. शेतकरी म्हणतात, या मजुरीत पीक परवडत नाही. मजूर म्हणतात, राहण्या-खाण्याचे कापून हातात थोडं उरतं. मी दोघांचंही ऐकलं आणि दोघांचंही पुस्तकात दिलं आहे. माझं मत विचाराल तर भाव अजून वाढला तरी चालेल, मी दोन रविवार कमी खाईन. तो वाढीव पैसा कापणाऱ्या हातापर्यंत पोचायला हवा.

एका गोष्टीवर मात्र माझं या भागातल्या शेतकऱ्यांशी जमत नाही. वरंब्यांवर आता प्लास्टिक अंथरतात, एका बाजूनं काळं, दुसऱ्या बाजूनं पांढरं. काळी बाजू वर ठेवली की माती तापते आणि कोंब लवकर येतो. पांढरी वर केली की थंड राहते आणि तो थांबतो. बाजारात एकदम माल येऊन भाव कोसळू नये म्हणून ही युक्ती उपयोगी आहे, टोकंही जांभळी होत नाहीत, आणि तेच प्लास्टिक अनेक वर्षं वापरतात, हे सगळं मी मान्य करते. पण त्यावर आणखी बोगदे, काही ठिकाणी मातीखालून गरम पाण्याचे नळ, आणि मार्चमध्येच श्पार्गल विकायची चढाओढ, हे मला पटत नाही. हिवाळ्यात पेरूहून विमानानं येणारा तर त्याहून नाही. मार्चचा श्पार्गल खाऊन पाहिला आहे. मऊ असतो, पांढरा असतो, भाव दुप्पट असतो. चवीत पाणी जास्त असतं. वाट पाहण्यात मिळणारं काही त्यात नसतं, हे खरं असलं तरी मी तो मुद्दा करत नाही. माझा मुद्दा चवीचाच आहे.

पुस्तकाची मांडणी आठवड्यांनुसार आहे, एप्रिलच्या पहिल्या भेगेपासून २४ जूनपर्यंत. प्रत्येक आठवड्याला एक शेत, एक बाजार किंवा एक स्वयंपाकघर. शेवटी जुलै ते मार्च या नऊ महिन्यांचं एक लांब प्रकरण आहे. कुणाला ते कंटाळवाणं वाटेल, कारण त्यात कुणी काही खात नाही. फक्त पाला वाढतो, पिवळा होतो, कापला जातो, बर्फ पडतं. माझ्या लेखी तेच या पुस्तकातलं मुख्य प्रकरण आहे. शेवटाला बारा पाककृती दिल्या आहेत, त्यांतल्या सात शाकाहारी. कोरड्या मोजमापांऐवजी मी आजींनी सांगितलं तसं लिहिलं आहे, आणि तुपाची कृती माझी आहे.

तुम्ही वसंतात इकडे आला असाल तर मोठ्या दुकानात घेऊ नका. गावाबाहेरच्या टपरीवर सकाळी जा, दोन कोंब घासून आवाज ऐका आणि चौघांसाठी दोन किलो घ्या. सोलल्यावर ते कमी भरतात. आणि साली फेकू नका. बुडाच्या तुकड्यांसकट वीस मिनिटं पाण्यात उकळल्या की त्यांचं सूप होतं; कृती पाककृतींच्या पहिल्याच पानावर दिली आहे.